कारणाचा रकाना : सातारा-सांगलीकडच्या जुन्या रायफलींचा माग

शिरवळपासून सांगलीपर्यंतच्या जुन्या घरांत कागदांचे गाठोडे सोडले की सारापावत्या, गहाणखते, लग्नातल्या आहेराच्या याद्या यांच्यासोबत पुष्कळदा एक लहानशी पुस्तिका निघते. पाने हाताळून मऊ पडलेली, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेली. ती शस्त्रपरवान्याची पुस्तिका असते. घरातली माणसे ती बाजूला सारतात, कारण त्यांना ती बंदुकीची पावती वाटते. मी मात्र गेली काही वर्षे आधी तीच उघडतो. कोणत्या बनावटीचे शस्त्र, कोणता बोर, नळीवरचा नंबर काय, वर्षाला किती काडतुसे आणि शस्त्र कशासाठी हवे, एवढे त्या पुस्तिकेत मिळते. यातला शेवटचा मुद्दा, म्हणजे कारणाचा रकाना, हा या लेखाचा विषय आहे.

निमित्त एका प्रश्नाचे. जुने कागद वाचणारा माणूस म्हणून लोक मला नाना गोष्टी विचारतात. अलीकडे तरुण मंडळी विचारू लागली आहेत, की अमुक घरातली जुनी बोल्टची रायफल विकायची आहे, घ्यावी का? एखादा हळूच पुढे म्हणतो, हरणाला चालेल ना? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पण ते ‘नाही’ कधीपासूनचे आणि तरीही त्या रायफली घराघरांत कशा राहिल्या, हे सांगायला थोडे मागे जावे लागते.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे ‘बंदूक’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे तोंडाकडून भरून गजाने ठासतात. बारा बोरची एकनळी किंवा दुनळी मागून मोडून काडतूस घालायची असते. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बहुधा छरे जातात. रायफलीच्या नळीला आतून गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात. त्या खाचांमुळे एकच गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि लांब जाते. बोल्टची रायफल म्हणजे जिच्यात दाराच्या कडीसारखा एक दांडा असतो ती. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलायचा, खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत जाते. खाली दाबला की कडी बसते. यंत्र साधे आहे, म्हणून टिकाऊ. नीट सांभाळलेली रायफल पणजोबांपासून पणतूपर्यंत सहज चालते, आणि पुढचा सगळा घोळ या टिकाऊपणातूनच निघतो.

आपल्या भागात बोल्टची जुनी रायफल म्हटली की बहुधा ती .३१५ बोरची निघते. हा बोर हिंदुस्थानात एवढा का पसरला, यामागे राजकारण आहे. ब्रिटिश फौजेची रायफल .३०३ बोरची होती. तिचे काडतूस खाजगी माणसाच्या हाती असले तर ते बंडखोरांपर्यंत पोचेल, ही सरकारची धास्ती. म्हणून सैन्याचा बोर खाजगी वापराला बंद झाला आणि शिकाऱ्यांसाठी निराळा बोर पुढे आला. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. त्याचे काडतूस ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या मॅनलिकर रायफलीच्या काडतुसावर बेतलेले आहे. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने या बोरच्या रायफली इकडे विकल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने त्या बनवल्या, त्याही मूळ ली-एनफील्ड या लष्करी रायफलीच्याच घडणीवर. म्हणजे सांगाडा फौजेचा आणि काडतूस फौजेचे नव्हे, अशी ही तडजोड. तिची काडतुसे बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना शिरवळहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. .३०३ आजही ‘निषिद्ध बोर’ आहे आणि त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. जुनी रायफल पाहायला जाणाऱ्याने म्हणून सर्वांत आधी नळीवर कोरलेला बोर वाचावा. ‘पणजोबांची आहे’ एवढ्या भांडवलावर .३०३ घरी आणणारा थेट गुन्ह्यात सापडतो.

आता शिकारीकडे. आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो त्यात दोन कुळे आहेत. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, ही सारंग. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे कायमची, ही कुरंग. हा भेद केवळ पुस्तकी नाही. शेतपिकाच्या नुकसानभरपाईच्या शासन निर्णयांतसुद्धा ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असेच लिहिलेले असते आणि कोणा कारकुनाने ते शब्द जपले याचे मला कौतुक वाटते. सातारा-सांगलीचा भूगोलही असाच दुभंगलेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या रानात सांबर आणि भेकर. पूर्वेला, जिथे पाऊस तुटतो, त्या उघड्या माळांवर कुरंग.

शस्त्र या भूगोलाप्रमाणे ठरे. घाटातल्या दाट रानात हाका घालून जनावर समोर काढत आणि बार तीस-चाळीस पावलांवरून टाकत. तिथे दुनळी पुरे. माळावर आडोसा नाही. काळवीट दीड-दोनशे यार्डांच्या आत येऊ देत नाही. तिथे लांब पल्ल्याची रायफल हवी, आणि ती परवडणारी माणसे मोजकी : संस्थानिक, सरदार, बडे इनामदार, गोरे साहेब आणि पुढे पुढे काही वकील-डॉक्टर. बाकीच्यांची शिकार वेगळी होती. फासेपारधी फास लावून काळवीट धरत आणि त्यांना काडतुसाचा खर्च नव्हता. कोल्हापूर संस्थानात तर पाळलेल्या चित्त्यांकरवी काळवीट धरत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची आणि सोडायचा. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणले, पण खेळ चालू ठेवला. ‘पूर्वी शिकार मर्यादेत होती, शिकारी दिलदार होते’ असे जे आपण ऐकतो त्यावर माझा फारसा विश्वास नाही. चित्ते संपले आणि माळावरचे काळवीट जवळजवळ संपले, ते या दिलदार काळातच.

कायद्याची पावले मात्र सावकाश पडली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार ही परवान्याची वस्तू झाली. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचा हंगाम ठरवण्याची सोय केली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. इथे एक समज दुरुस्त करायला हवा, कारण तो जाणत्या लोकांच्या लेखनातही आढळतो : ‘१९७२ मध्ये शिकार बंद झाली.’ काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांची झाली, हे खरे. पण त्या कायद्याच्या मूळ मसुद्यात शिकारीचे परवाने होते : विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि जिवंत पकडण्याचा परवाना, असे चार प्रकार. सांबर आणि चितळ तेव्हा ‘मोठ्या शिकारी’च्या अनुसूचीत होते. परवाने देणे हळूहळू आटले, तरी कायद्याच्या पुस्तकातून ते गेले १९९१ च्या दुरुस्तीने. तेव्हापासून अनुसूचीतल्या कोणत्याही वन्यप्राण्याची हौसेखातर शिकार गुन्हा आहे. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. फास लावणे, हाका घालणे, आमिष ठेवणे, नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारच. गुन्ह्यात वापरलेले शस्त्र आणि वाहन सरकारजमा होऊ शकते.

हे सगळे वन्यजीवांच्या कायद्यात घडत होते. रायफलीचा परवाना दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या कचेरीत होता. तिथे १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतल्या छापील परवान्यांत एक नमुना ‘खेळ, संरक्षण किंवा प्रदर्शन’ यांसाठीचा होता आणि दुसरा माणसांना, गुरांना इजा किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या रानटी जनावरांसाठीचा. या ‘खेळ’ शब्दाच्या पोटात शिकार बसत होती. शिकार गेली, पण छापील शब्द तसाच राहिला आणि दर नूतनीकरणाला शिक्का पडत राहिला. मी पाहिलेल्या पुस्तिकांत एकाच रायफलीपुढचे कारण पिढीगणिक बदललेले दिसते : आजोबांच्या काळी शिकार, वडिलांच्या काळी पीकसंरक्षण, मुलाच्या काळी आत्मसंरक्षण. नळीचा नंबर मात्र तोच. माणसे खोटे बोलत होती असे मला म्हणायचे नाही. वस्तू घरात होती, ती ठेवायची होती आणि रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.

यातले मधले कारण, पीकसंरक्षण, नीट तपासायला हवे, कारण आजचा खरा गरजू तिथे उभा आहे. नीरेच्या काठाने उसाचे मळे वाढले तशी रानडुकरेही वाढली. त्यांना लपायला ऊस आणि खायला मका, भुईमूग. रात्री एक कळप शिरला की सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसते. अशा शेतकऱ्याला वाटते, जुनी रायफल स्वस्तात मिळते आहे, घेऊन टाकू. पण शस्त्र अधिनियमाचे कलम १३ वाचले तर चित्र निराळे दिसते. प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी तिथे ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलीचे नाव या यादीत नाही. ती ‘इतर कोणतेही अग्निशस्त्र’ या सदरात पडते आणि त्यासाठी अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते. छरे काही शे मीटरांत दम सोडतात. .३१५ ची चुकलेली गोळी दोन-अडीच किलोमीटरही जाऊ शकते आणि आपल्याकडे एवढ्या अंतरात दुसरी वस्ती, रस्ता किंवा पाणी धरायला गेलेला माणूस नक्की असतो.

शिवाय हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. हा गोंधळ फार दूरवर पसरलेला आहे. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले तरी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला ही पिकाची वाटही लागू नाही. मेलेले जनावर सरकारी मालमत्ता. त्याचे मटण घरी नेणे हा पुन्हा वेगळा गुन्हा.

सांगली जिल्ह्यात या दोन कायद्यांची गाठ फार विचित्र बसली आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. त्याच्या लगतच्या सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या खटपटीने झाडे लागली, हरणे आणून सोडली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. माणसांनी ठरवून उभे केलेले हे रान हा आपल्या भागातला अभिमानाचा विषय आहे. पण हरणे वाढली, कुंपणाबाहेर येऊ लागली आणि भोवतालच्या गावांच्या पिकात शिरू लागली. आता वन्यजीव कायद्याचे कलम ३४ पाहा. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने नाव नोंदवायचे असते आणि त्या परिघात नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. म्हणजे जिथे हरणे पीक खातात त्याच गावांत बंदूक मिळणे सर्वांत अवघड. ऐकताना हा अन्याय वाटतो. पण उलटे करून पाहिले, तर ११ चौरस किलोमीटरच्या रानाभोवती परवान्यांची माळ लागली असती आणि हरणे दोन-तीन हंगामांत संपली असती. त्या शेतकऱ्याचे देणे भरपाईच्या खात्यावर आहे. तिथे दिरंगाई झाली तर राग योग्य आहे. तो हरणावर आणि रायफलीवर काढून काही निष्पन्न होत नाही. शिरवळच्या १० किलोमीटरांत अभयारण्य नाही, पण कोयना आणि चांदोलीच्या बाजूच्या गावांना हे कलम लागू आहे आणि तिथल्या अनेक घरांना ते माहीत नसते.

एवढे होऊनही सबळ कारण आणि परवाना असलेल्या माणसाला जुनी रायफल घ्यायची असेल, तर तिच्यात काय पाहावे? परवाना आधी, सौदा नंतर. हा क्रम कधीही उलटू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. खाजगी माणसाकडून घ्यायची तर विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, असे कलम ५ सांगते. ‘आज घेऊन जा, कागद मागून करू’ म्हणणारा मनुष्य कितीही जवळच्या नात्यातला असला तरी तिथून उठावे.

मग धातू. ली-एनफील्डच्या घडणीत बोल्टचे तोंड हा सुटा भाग असतो आणि दुरुस्तीत तो बदलला जातो. तोंड आणि काडतुसाची बूड यांत मोकळी जागा जास्त राहिली तर बार होताना काडतूस मागून फाटू शकते. म्हणून बोल्टवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर एकच आहे का ते पाहावे आणि ती मोकळी जागा जाणत्या बंदूक कारागिराकडून मोजून घ्यावी. अंदाजाचे हे काम नव्हे. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिले की खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात क्षार असत आणि बार टाकल्यावर गरम पाण्याने नळी धुतली नाही तर ते पावसाळ्यात ओल धरून नळी आतून खात. कोकणाकडच्या आणि घाटमाथ्यावरच्या रायफलींत हे खड्डे जास्त दिसतात, माणदेशातल्या कोरड्या हवेतल्यांत कमी. नळीचे तोंड ठेचलेले असले तर आतून आरशासारखी नळीही गोळी वाकडी टाकते. लाकडी दस्ता पावसाने वाकून नळीला टेकला असला तर नेमाचे तेच. वरून काळा रंग ताजा असेल तर मी शंका घेईन, कारण गंजाचे खड्डे आणि पुसलेला नंबर दोन्ही रंगाखाली लपतात. नंबर घासलेले शस्त्र हातातही धरू नये.

अलीकडे विकणारे जास्त आणि घेणारे कमी झाले आहेत. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावे लागले. मी बोललो त्या घरांत सोडलेले शस्त्र बहुधा रायफल होते. पिस्तूल अंगावर राहते, बारा बोर शेतावर उपयोगी पडते, लांब रायफलीला जायला जागाच उरली नाही.

सर्वांत जास्त अडचण होते ती परवानाधारक वारल्यावर. घरचे लोक दहावे-तेरावे, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँका यांत गुंततात आणि भिंतीवरची किंवा कपाटातली रायफल तशीच राहते. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तो माणूस गेला की ते शस्त्र बाळगण्याचा हक्क घरातल्या कोणालाच उरत नाही, मग ती पूजेला ठेवलेली असो की गंजलेली. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. त्यानंतर वारसाला स्वतःचा परवाना मागता येतो, किंवा ती पात्र माणसाला विकता येते. २०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात : परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. वडील धडधाकट असताना हा विषय काढणे आपल्याकडे अशुभ मानतात. पण पुस्तिका वाचू शकणारा आणि रायफल कुठून आली हे सांगू शकणारा माणूस तोपर्यंतच घरात असतो.

जमा करताना पावती घ्यावी आणि तिच्यावरची बनावट, बोर आणि नळीचा नंबर तिथेच उभे राहून पुस्तिकेशी ताडून पाहावा. इंग्रजी तीन आणि आठ जुन्या कोरीव अक्षरांत सारखे दिसतात. एक आकडा चुकला की पुढे ती रायफल आपली आहे हे सिद्ध करण्यात वर्षे जातात. पुस्तिकेची नक्कल घरी ठेवावी, सगळ्या पानांची, कारण जुनी कारणे आणि जुने शिक्के नव्या परवान्यावर उतरत नाहीत.